"आता या वयात कुठे" हे आधी बंद करा

पॉझिटिव्ह रहा, पॉझिटिव्ह रहा असं सगळेच सांगतात पण म्हणजे नक्की करायचं काय ते कोणी सांगत नाही. मी 67 ची आहे, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे जे जमलं तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी तोंडातलं "आता या वयात कुठे" पकडायचं. एक दिवस मोजून बघा. माझ्या तोंडून 6 वेळा निघालं, त्यात एकदा तर सून नुसती पाणीपुरी खायला चला म्हणाली तेव्हा! आणि हे हसण्यावारी नेऊ नका हं, अमेरिकेत ओहायोमधल्या एका गावात 50 च्या पुढच्या 660 लोकांचा अभ्यास झाला, 2002 ला छापून आला, ज्यांना स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बरं वाटत होतं ते बाकीच्यांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगले. म्हणून ते वाक्य आलं की "मग किती जमेल?" असं विचारायचं. मला पर्वती पूर्ण नाही चढवत पण अर्ध्या पायऱ्या होतात, तिथे बसून शेंगा खायच्या आणि उतरायचं.

दुसरं, एखाद्या गोष्टीत परत ढ व्हा. मी 65 व्या वर्षी पेटीचा क्लास लावला, बाकी सगळी आठवी-नववीची पोरं, मला आज्जी म्हणतात आणि बिनधास्त चुका काढतात, घरात कोण काढतं आता माझ्या चुका? फक्त पोरांत बसून "आमच्या वेळी" सुरू करायचं नाही (हे मला अजून नीट जमत नाही).

हास्यक्लबची लाज वाटते? डॉ. मदन कटारियांनी 1995 ला मुंबईत पहिला काढला तेव्हा मोजून 5 जण होते, आधी जोक सांगायचे, थोड्याच दिवसांत चांगले जोक संपले मग उगीचच हसायला लागले, आणि खोटं हसता हसता खरं येतंच. पहिले चार दिवस कसंतरी होतं, नंतर नाही.

एसटीचं अर्धं तिकीट वापरा, 75 झाली असतील तर फुकटच आहे. मैत्रिणीच्या गावी जाऊन या, फोनवर किती बोलणार.

पण दोन आठवडे कशातच मन लागत नाही, झोप नाही, जेवण जात नाही असं असेल तर हे उपाय बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टरकडे जा, किंवा 14416 ला फोन करा, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. तिथे पॉझिटिव्ह विचार करा म्हणून भागत नाही.

आणि कधीकधी दुखणं मनाचं नसतंच. आमचे हे दोन वर्षं घुम्यासारखे बसायचे, पाहुणे आले की आत निघून जायचे, आम्ही म्हटलं स्वभाव बदलला. कान तपासले तर ऐकूच येत नव्हतं नीट! मशीन लावल्यापासून टीव्हीचा आवाज कमी झालाय आणि क्रिकेटवरून शेजाऱ्यांशी भांडणं परत सुरू.