रिमफायर सिल्हूट नेमबाजीसाठी पहिला स्कोप कसा निवडावा

मराठी वाचकाला .२२ रायफल माहीत असते ती बहुधा ऑलिंपिकमुळे. पॅरिस २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या हातात याच जातीची रायफल होती. त्या प्रकारात मात्र भिंगांच्या दुर्बिणीला परवानगी नसते, नेम बारीक छिद्राच्या साइटमधून धरावा लागतो आणि लक्ष्याचे अंतर कधी बदलत नाही. सिल्हूटमध्ये, म्हणजे प्राण्या-पक्ष्यांच्या पोलादी आकृत्या पाडण्याच्या खेळात, या दोन्ही गोष्टी उलट आहेत. तिथे स्कोप, म्हणजे रायफलीवरची भिंगांची दुर्बीण, चालतो आणि एकाच सामन्यात चार वेगवेगळी अंतरे असतात, त्यामुळे स्कोप निवडताना विचार सुरू करायचा तो याच चार अंतरांपासून.

हा खेळ मूळचा मेक्सिकोचा असून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो सरहद्द ओलांडून अमेरिकेत आला. रिमफायर, म्हणजे .२२ रायफलीच्या, प्रकारात ४० मीटरवर कोंबड्या, ६० वर डुकरे, ७७ वर टर्की आणि १०० मीटरवर मेंढे अशा पोलादी आकृत्या मांडलेल्या असतात. मोठ्या रायफलींच्या सामन्यातील आकृत्या आणि अंतरे, दोन्ही एक पंचमांश करून हा खेळ बेतलेला आहे. नेमबाज उभा राहून, कोणताही टेकू न घेता, पाच आकृत्यांच्या रांगेवर अडीच मिनिटांत पाच गोळ्या झाडतो. क्रम डावीकडून उजवीकडे असतो आणि एका आकृतीला एकच गोळी मिळते. आकृती नुसती हलून किंवा वळून चालत नाही, ती बैठकीवरून खाली पडावी लागते.

नवा माणूस दुकानात गेला की सर्वप्रथम विचारतो, ‘किती पट मोठे दिसते?’ मीही तेच विचारले होते आणि ३-९x४० (म्हणजे तीन ते नऊ पट आणि ४० मिलिमीटरचे पुढचे भिंग) असा एक देखणा, स्वस्त स्कोप घेऊन आलो होतो. अमेरिकेत आल्यावर घेतलेला तो माझा पहिला स्कोप. सामन्यात तो कमी पडला, पण त्याचे कारण नऊ पट हा आकडा नव्हता. त्यात पॅरालॅक्स जुळवण्याची सोयच नव्हती.

पॅरालॅक्स म्हणजे काय ते समजून घेण्यासाठी रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवावी, स्कोप ४० मीटरवरील कागदावर रोखावा आणि रायफलीला हात न लावता डोके किंचित डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवून पाहावे. रायफल जागची हललेली नसतानाही रेटिकलची, म्हणजे स्कोपमधील नेम धरायच्या खुणेची, फुली कागदावर सरकताना दिसते. लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल स्कोपच्या आत एकाच प्रतलात येत नसल्यामुळे हे घडते. डोळा भिंगाच्या बरोबर मध्यावर असेल तर त्याचा काही त्रास होत नाही. पण उभ्याने नेम धरताना गाल दर वेळी त्याच जागी टेकेल याची खात्री कोण देणार?

ही चूक किती मोठी असू शकते, याचा हिशोब सोपा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाचा निम्मा भाग घ्यावा, स्कोप ज्या अंतराला जुळवलेला आहे ते अंतर आणि लक्ष्याचे अंतर यांतील फरकाने त्याला गुणावे आणि जुळवलेल्या अंतराने भागावे. साधे शिकारीचे स्कोप बहुधा १०० यार्डांना, म्हणजे सुमारे ९१ मीटरला, जुळवून बंद केलेले असतात. अशा ४० मिलिमीटर भिंगाच्या स्कोपमध्ये ४० मीटरवरील कोंबडीवर जास्तीत जास्त ११ मिलिमीटरची चूक होऊ शकते. खास रिमफायरसाठी म्हणून विकले जाणारे स्कोप बहुतेक वेळा ५० यार्डांना जुळवलेले असतात. त्यांत डुकरांच्या अंतरावर चूक सहा मिलिमीटरच्या आसपास राहते, पण मेंढ्यांच्या अंतरावर ती जवळजवळ २४ मिलिमीटरपर्यंत जाते. हे आकडे डोळा अगदी कडेला गेल्यावरचे आहेत, प्रत्यक्षात चूक याहून कमी होते, हे मान्य. तरीही हाताचा कंप, गोळ्यांचा स्वाभाविक विखुरपणा आणि वारा यांच्या जोडीला ही भर पडली, तर मेंढ्याच्या धडाऐवजी पायाला गोळी लागते. मेंढा नुसता डगमगतो आणि उभाच राहतो.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, पॅरालॅक्स जुळवता येणाराच स्कोप घ्यावा. ही सोय दोन प्रकारे मिळते: पुढच्या भिंगाभोवती फिरणारी कडी, किंवा डाव्या बाजूला असलेली फिरकी. बाजूची फिरकी वापरायला सोपी असते, पण तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात. सिल्हूटमध्ये अंतर बदलते ते दोन रांगांच्या मधल्या वेळेत, एका रांगेच्या आत नव्हे, त्यामुळे नवशिक्याला पुढची कडी पुरेशी आहे. कडीवर कोरलेल्या आकड्यांवर मात्र भरवसा ठेवू नये. वर सांगितल्याप्रमाणे डोके हलवून पाहावे, फुली जिथे स्थिर राहते तिथे पांढऱ्या रंगाची बारीक खूण करावी, आणि अशा चार अंतरांच्या चार खुणा एकदाच करून ठेवाव्यात. त्याआधी डोळ्याकडील कडी फिरवून रेटिकल स्वच्छ दिसेल असे करून घ्यायला विसरू नये. यासाठी स्कोप मोकळ्या आकाशाकडे रोखावा आणि एका वेळी दोन-तीन सेकंदच पाहावे, कारण जास्त वेळ पाहिल्यास डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि आपली फसगत होते.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे टरेट, अर्थात नेम वर-खाली करणारी फिरकी. सामान्य वेगाची .२२ लाँग रायफल (हे काडतुसाचे नाव) गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते आणि लवकर खाली येऊ लागते. माझ्या हिशोबाने, ४० मीटरवर शून्य बांधले, म्हणजे तिथे गोळी नेमावरच लागेल असा स्कोप लावला, असता डुकरांसाठी अंदाजे अडीच, टर्कीसाठी पाच आणि मेंढ्यांसाठी नऊ एमओए (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर जावे लागते. पाव एमओएच्या क्लिकमध्ये, म्हणजे टरेटच्या एकेका टप्प्यात, सांगायचे तर हे साधारण १०, २० आणि ३६ क्लिक झाले. गोळ्यांचा प्रकार आणि स्कोपची नळीपासूनची उंची यांनुसार हे आकडे बदलतात, तेव्हा ते कागदावर गोळी झाडून स्वतःच ठरवावेत. एकूण गरज नऊ-दहा एमओएचीच असल्यामुळे स्कोप पुढे झुकवणाऱ्या तिरप्या पट्टीची किंवा प्रचंड मर्यादेच्या टरेटची आवश्यकता नसते. गरज असते ती टरेट प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी परत येण्याची.

टोपणाखाली दडलेले, नाण्याने फिरवायचे टरेट या खेळात उपयोगी पडत नाहीत; बोटांनी फिरणारे, आकडे स्पष्ट असलेले, उघडे टरेट हवेत. क्लिक पाव एमओएची असावी की एक अष्टमांशाची, यावर नेमबाज तासन्‌तास वाद घालतात. पाव एमओएची एक क्लिक १०० मीटरवर सुमारे सात मिलिमीटर सरकते. उभ्याने झाडलेल्या गोळीसाठी इतकी बारकाई पुरेशी आहे, शिवाय मोजायच्या क्लिकही निम्म्या होतात.

आता पटीकडे येऊ. टेकू नसताना हातातील रायफल सतत हलत असते आणि पट वाढवली की ते हलणेही तेवढेच मोठे दिसते. अनुभवी नेमबाज २० किंवा २४ पटींवर आरामात नेम धरतात, कारण त्या डोलण्याची त्यांच्या नजरेला सवय झालेली असते. नवशिका मात्र तेच दृश्य पाहून घाबरतो आणि फुली कोंबडीवरून जाताना ट्रिगर खेचून टाकतो. दुसरी अडचण प्रकाशाची आहे. ४० मिलिमीटर भिंगातून १० पटींवर डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत चार मिलिमीटर रुंद असतो, तर २४ पटींवर तो जेमतेम पावणेदोन मिलिमीटर उरतो; मान जराशी हलली तरी चित्र काळे पडते. गोळी कुठे लागली ते दिसावे म्हणून जास्त पट हवी, असेही काही जण म्हणतात. पण या खेळात शेजारी उभा राहून दुर्बिणीतून पाहणारा सोबती चालतो आणि तो दर गोळीला ‘जरा खाली, उजवीकडे’ असे सांगत असतो. सुरुवातीला ४.५-१४ किंवा ६-१८ पटींचा स्कोप घ्यावा, पहिले काही महिने आठ ते दहा पटींवर सराव करावा आणि मग सावकाश वर जावे.

रेटिकल बारीक असावे. कोंबडीचे धड मुठीपेक्षा लहान असते, त्यामुळे जाड रेघा त्याला झाकून टाकतात. साधी बारीक फुली किंवा मध्यभागी बारीक ठिपका असलेली फुली उत्तम. खालच्या बाजूला खुणांची शिडी असलेले रेटिकल इथे केवळ गोंधळ वाढवते, आणि अडीच मिनिटांच्या घाईत चुकीच्या खुणेने नेम धरलेले लोक मी पाहिले आहेत. प्रकाशणाऱ्या रेटिकलसाठी पैसे खर्च करण्याचे कारण नाही, कारण हे सामने दिवसाउजेडी होतात.

वजनाचाही विचार आधीच करावा. अमेरिकेतील नियमांनुसार स्कोपसह रायफलीची मर्यादा सिल्हूट रायफलीच्या गटात १० पौंड २ औंस, म्हणजे सुमारे ४.६ किलो, आणि शिकारी रायफलीच्या गटात साडेआठ पौंड, म्हणजे सुमारे ३.८५ किलो आहे. पाऊण किलोचा स्कोप दुसऱ्या गटात सहज अडचणीत आणतो, आणि चाळीस गोळ्यांच्या सामन्यात तो खांद्यालाही जाणवतो.

बसवण्याच्या कड्या, म्हणजे रिंग, घेताना रायफलीवरची खाच पाहून घ्यावी. अनेक .२२ रायफलींवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, तिच्यावर पिकाटिनी पट्टीच्या (आडव्या खाचांच्या रुंद पट्टीच्या) रिंग बसत नाहीत. स्कोपची नळी एक इंची आहे की ३० मिलिमीटरची, हेही तपासावे. लोक शक्य तितक्या बुटक्या रिंग घेतात, पण उभ्याने नेम धरताना मान ताठ राहिलेली बरी, म्हणून मध्यम किंवा उंच रिंग घेऊन गालपट्टी वाढवणे अधिक सोयीचे ठरते. स्कोप मागे-पुढे सरकवून त्याची जागा ठरवायची ती टेबलावर बसून नव्हे, तर उभे राहून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. चित्र पूर्ण आणि कडांपर्यंत उजळ दिसले तर जागा बरोबर आहे.

महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाने हे ध्यानात ठेवावे की .२२ रायफलीसाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो. हा खेळ एअर रायफलनेही खेळला जातो; त्या प्रकारात आकृत्या मोठ्या रायफलींच्या आकृत्यांच्या एक दशमांश असतात आणि अंतरे २० ते ४५ यार्ड. त्यासाठी १० यार्डांपासून पॅरालॅक्स जुळणारा स्कोप पाहावा. स्प्रिंगच्या एअर रायफलीवर तो लावायचा असेल तर एअरगनसाठी म्हणून बनवलेलाच घ्यावा, कारण त्या रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्ही दिशांनी बसतो आणि .२२ वर वर्षानुवर्षे टिकणारा स्कोप तिच्यावर थोड्याच दिवसांत खिळखिळा होऊ शकतो.

स्कोप घरी आणल्यावर परतीची मुदत संपण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी. पिशव्यांवर रायफल ठेवून ४० मीटरवर पाच गोळ्या झाडाव्यात, टरेट ३६ क्लिक वर न्यावा, पुन्हा ३६ क्लिक खाली आणावा आणि त्याच कागदावर आणखी पाच झाडाव्यात. हे चार-पाच वेळा करूनही सगळ्या गोळ्या एकाच पुंजक्यात आल्या, तर स्कोप ठेवावा. पुंजका सरकत गेला तर पट आणि भिंग कितीही चांगले असले तरी स्कोप परत करावा. मग चारही अंतरांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती दस्त्यावर चिकटवावी, आणि मेंढ्यांची शेवटची रांग संपली की टरेट कोंबडीच्या शून्यावर आणूनच रायफल पेटीत ठेवावी. हे मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा पुढच्या सामन्यातल्या पहिल्या गोळ्या कोंबड्यांच्या डोक्यावरून दहा सेंटिमीटर उंचावरून निघून गेल्या.