फोटोचं बॅकग्राउंड काढताना या चुका टाळा

परभणीत मी फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइन करतो. नव्या मुलांचं काम बहुतेक एकाच ठिकाणी बिघडतं. बॅकग्राउंड काढलं, पांढऱ्यावर छान दिसलं, की लगेच पुढे पाठवलं.

मागे एका आजोबांच्या पुण्यस्मरणाचा फ्लेक्स होता. चुन्याच्या भिंतीपुढे उभे, अंगात पांढरा सदरा, डोक्याला पांढरा फेटा. मुलाने फोटोशॉपमध्ये मॅजिक वाँडने, म्हणजे सारख्या रंगाचा भाग एका क्लिकमध्ये निवडणाऱ्या टूलने, भिंतीवर क्लिक केलं आणि डिलीट दाबलं. टॉलरन्स, म्हणजे किती मिळताजुळता रंग सोबत धरायचा तो आकडा, होता तसाच, ३२. भिंतीबरोबर सदऱ्याचा खांदा गेला, फेट्याची एक बाजू उंदराने कुरतडल्यासारखी झाली. भगव्या रंगावर ठेवल्यावर ते कळलं. घरच्यांकडे आजोबांचा तेवढाच एक फोटो होता. अशा फोटोला घाई चालत नाही.

पांढऱ्यावर पांढरं असेल तिथे वाँड नकोच. पेन टूलने कड आखा, सिलेक्शन करा आणि डिलीटऐवजी लेअर मास्क लावा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की भाग झाकतो, पांढरा फिरवला की परत येतो; मूळ फोटो शाबूत राहतो. कापायला बसण्याआधीच खाली मरून किंवा काळ्या रंगाचा लेअर टाका. केसांभोवती राहिलेली पांढरी किनार तिथेच दिसते. फेट्याच्या तुऱ्याला मात्र पेन टूल लावू नका, कात्रीने कापल्यासारखा दिसतो. तिथे सिलेक्ट अँड मास्कमधला रिफाइन एज ब्रश हळूहळू फिरवा, आणि किनारीला भिंतीचा रंग उरलाच तर डिकंटॅमिनेट कलर्सवर टिक करा.

गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिलीट केल्यावर पारदर्शक होण्याऐवजी पांढरं येतं? लेअरला अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेची माहिती ठेवणारा भाग, नाही. लेअर मेनूतल्या ट्रान्सपरन्सीमधून ॲड अल्फा चॅनेल करा.

'काढलेलं बॅकग्राउंड परत आलं' ही तक्रार तर रोजची. फाइल जेपीजीमध्ये सेव्ह केलेली असते, आणि जेपीजीत पारदर्शकता टिकतच नाही. पीएनजी करा. जेपीजीचं नुसतं नाव बदलून पीएनजी होत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नेटवरून घेतलेल्या फुलाच्या, तोरणाच्या 'पीएनजी'मागे राखाडी-पांढरे चौकोन (पारदर्शक भागाची खूण) दिसले तर ती फाइल आधी रंगीत लेअरवर ठेवून बघा. चौकोन तिथेही दिसले, तर ते चित्राचाच भाग आहेत. ती फाइल सोडा, दुसरी शोधा.