‘एकदा का… की मग…’ यातलं ‘मग’ आजच सुरू करा

मी गणित शिकवते. भूमितीची सिद्धता अडते, विद्यार्थी बराच वेळ आकृतीकडे बघत बसतो, आणि मग एकदम एक जादा रेघ ओढतो. सगळं उलगडतं. त्याचा चेहरा असा काही खुलतो की बघत राहावं! पण पुढच्याच क्षणाला प्रश्न येतो, “मॅडम, हे परीक्षेत येईल ना?” हातात आलेला आनंद त्याने निकालाच्या दिवसाकडे ढकललेला असतो. मोठी माणसंही हेच करतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

एक कागद घ्या आणि मनात घोळणारी ‘एकदा का’ने सुरू होणारी वाक्यं जशी सुचतील तशी उतरवा. ‘एकदा का बढती मिळाली की मग घरच्यांना वेळ देईन.’ ‘एकदा का कर्ज फिटलं की मग पुन्हा चित्रं काढीन.’ आता ‘मग’च्या आधीचा भाग हाताने झाका आणि उरलेलं वाचा. घरच्यांना वेळ देईन. चित्रं काढीन. यासाठी खरंच बढतीची वाट बघावी लागते का? बहुतेकदा नाही, निदान पुरती तरी नाही. चित्रांसाठी मोकळा महिना मिळणार नाही, पण रात्री निजण्याआधीची वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात मावेल एवढंच ‘मग’ आजच्या दिवसात बसवा, तेही वेळ ठरवून. ‘जमेल तेव्हा’ म्हणालात की ते पुन्हा पुढे गेलंच म्हणून समजा. बाकी काही नाही जमलं तरी चालेल, एवढं मात्र कराच.

ध्येय सोडा असं मी कधीच सांगणार नाही. पण सगळा आनंद त्याच्याच नावावर लिहून ठेवू नका, कारण याबाबतीत आपले अंदाज चुकतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठातली कायमची नोकरी मिळाली तर किती सुखी व्हाल आणि हुकली तर किती, असं त्यांनी तरुण प्राध्यापकांना विचारलं. ज्यांचा निर्णय आधीच लागून गेला होता त्यांनाही गाठलं. नोकरी मिळालेले आणि न मिळालेले यांच्या सुखात तरुणांनी धरला होता तेवढा फरक निघालाच नाही. मिळालेल्या गोष्टीची सवय होते आणि मन पुढची पायरी शोधायला लागतं.

दुसरी सवय लक्ष देण्याची. रोजचं एक काम निवडा. मी कपड्यांच्या घड्या निवडल्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. उन्हात वाळलेल्या सुती कापडाची ऊब आधी तळहाताला कळते, मग बाहीची शिवण बोटांना लागते, कड कडेला जुळते. मध्येच मन उद्याच्या तासाला जाऊन बसतं, तेव्हा त्याला न रागावता परत आणायचं. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये फोनवरून हजारो लोकांना दिवसभरात अवचित विचारलं होतं, ‘आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय?’ जवळजवळ निम्म्या वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि अशा वेळी माणसं कमी आनंदी होती. मन गोड विचारांत रमलेलं असलं तरी ती कामात असलेल्यांपेक्षा जास्त सुखी नव्हती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्वप्नरंजनाला आपण फुकटचं सुख समजतो.

ज्यांच्यावर खरंच संकट आहे, दुखणं आहे, डोक्यावर देणं आहे, त्यांनी उद्याच्या सुटकेची आस धरणं स्वाभाविकच आहे. त्यांना ‘आज आनंदी राहा’ असा उपदेश कुणी करू नये. आणि आठवडे उलटूनही कशातच मन लागत नसेल, तर असल्या युक्त्यांवर न थांबता डॉक्टरांना भेटा.

शेवटचं सांगते ते ध्येय गाठल्यानंतरचं. ज्या दिवशी ते हाती येईल, त्या दिवशी पुढचं ठरवू नका. निदान आठवडाभर तरी नाही. कुणी “आता पुढे काय?” विचारलं तर “अजून ठरवलेलं नाही” एवढंच सांगा, आणि ज्यांनी या कामात साथ दिली त्यांच्याजवळ बसून ते कसं कसं घडलं हे सविस्तर बोला. कुठे अडलं होतं, कुणाच्या एका वाक्याने सुटलं, सगळं.