घराच्या आवारात मोठे झाड लावताना

आवारात मोठे झाड लावायचे ठरले, की रोपवाटिकेकडे वळण्याआधी मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी घराभोवती फेरी मारावी. तीन ते सहा या वेळेत कोणती भिंत तापते, विजेची तार कुठून गेली आहे, सेप्टिक टँक आणि नळाची लाइन कुठे आहे, हे पाहिले की जागेचा प्रश्न बराचसा सुटतो. पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त तापते, म्हणून सावली तिथेच हवीशी वाटते. परंतु पावसाळी वाराही पश्चिम आणि नैर्ऋत्येकडूनच येत असल्यामुळे त्या बाजूला लावलेले ठिसूळ लाकडाचे झाड मोडले, तर ते घरावरच येते. गुलमोहर कितीही देखणा असला, तरी त्याची मुळे उथळ आणि फांद्या ठिसूळ असतात, म्हणून तो घरालगत लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वड, पिंपळ आणि उंबर मला प्रिय आहेत, पण त्यांची मुळे जोत्यात आणि टाकीत शिरतात. त्यांची जागा गावाच्या पारावर किंवा ओढ्याकाठी.

लहान आवारासाठी मी प्रथम बकुळ सुचवीन. तो हळू वाढतो, परंतु वर्षभर हिरवा राहतो आणि त्याची सावली दाट असते. एप्रिल-मे महिन्यांत जांभळ्या फुलांनी भरणारे ताम्हण, म्हणजे आपले राज्यपुष्प, ओलाव्याच्या जागी छान वाढते. कमी पावसाच्या भागात कडुनिंबाला तोड नाही. आंब्याची हौस असेल, तर बागेत दोन कलमांमध्ये पूर्वापार 10 मीटर अंतर ठेवतात, हे लक्षात घ्यावे. म्हणजे एका झाडाचा घेर बुंध्यापासून चारी बाजूंना 5 मीटर पसरणार, हे धरूनच भिंतीपासूनचे आणि शेजाऱ्याच्या कुंपणापासूनचे अंतर ठरवावे. शहरी हद्दीत 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी परवानगी घ्यावी लागते, तेव्हा चुकलेली जागा पुढे सहज दुरुस्त होत नाही.

रोप घेताना उंचीला भुलू नये. दोन-तीन फुटांचे, सरळ शेंड्याचे आणि जाड बुंध्याचे रोप लवकर रुजते, आणि पुष्कळदा पिशवीत वर्षानुवर्षे राहिलेल्या सात-आठ फुटी रोपाला काही वर्षांत मागे टाकते. आमच्या परसातले जांभळाचे झाड सातव्या वर्षी एका वादळी पावसात मुळांसकट उलटले. खाली पाहिले, तर पिशवीत असताना गोल फिरलेली मुळे तशीच जाड होऊन दोरखंडाच्या वेटोळ्यासारखी एकमेकांत आवळली गेली होती, आणि बाहेरच्या मातीत गेलेले एकही धड मूळ नव्हते. लावताना मी पिशवी फाडून मातीचा गोळा जसाच्या तसा खड्ड्यात ठेवला होता. तेव्हापासून मी गोळ्याच्या कडेची माती बोटांनी सैल करतो, फिरलेली बारीक मुळे बाहेरच्या दिशेने मोकळी करतो आणि जी वळत नाहीत ती धारदार कात्रीने कापून टाकतो.

खड्डा एप्रिल-मेमध्येच 1 मीटर लांब, रुंद आणि खोल खणून उन्हात तापू द्यावा, आणि वरच्या थरातील माती वेगळी ठेवावी. तळाशी फूटभर पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच साचलेले असेल, तर पहारीने तळाचा मुरूम फोडावा. काळ्या जमिनीत पाणी मुरतच नसेल, तर रोप उंचवट्यावर लावणे बरे. भरताना वरच्या थरातील मातीत तीन-चार घमेली शेणखत मिसळावे, परंतु ते पूर्ण कुजलेले हवे, कारण कच्च्या शेणातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते. भरलेली माती पहिल्या एक-दोन पावसांत खाली बसली, की जून-जुलैमध्ये लागवड करावी.

बुंधा जिथे मुळांकडे पसरू लागतो तो भाग जमिनीच्या पातळीवर राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला, तर साल कुजते. कलम असल्यास त्याचा जोड जमिनीच्या वर असावा, त्यावरची प्लॅस्टिकची पट्टी आवळत असेल तर सोडावी आणि जोडाखालून येणारी फूट वेळोवेळी खुडावी. आधाराच्या काठीला रोप सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखे सैल बांधावे, म्हणजे ते वाऱ्यात थोडे डोलते आणि बुंधा बळकट होतो.

पावसाळा संपताच गोल आळे करून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी दिल्याने मुळे वरच राहतात. दरवर्षी आळे थोडे रुंद करून पाणी बाहेरच्या कडेला सोडावे, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर रोप हाताने हलवून पाहावे. बुंध्याशी माती हलत नसेल, तर काठी काढून टाकावी.