किनाऱ्यावर जमैकन ‘फिश टी’ शिजवताना या चुका टाळा

फिश टी म्हणजे मासे, कच्ची केळी, आपल्या कोनफळाच्या कुळातले यॅम, गाजर, पातीचा कांदा आणि थाइम हा सुवासिक पाला यांचे पातळ सार. जमैकात ते मोठ्या पातेल्यात लाकडांवर शिजते आणि पेल्यातून गरम गरम प्यायले जाते. साहित्य साधे असले, तरी त्यातील गंभीर चुका बहुधा पातेले चुलीवर चढण्यापूर्वीच होऊन गेलेल्या असतात.

पहिली चूक सरपणाची. कॅरिबियन किनाऱ्यांवर वाळूलगत मॅनचिनील नावाचे विषारी झाड वाढते. त्याची पाने चकचकीत असतात, फळ लहानशा हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि चीक दुधासारखा पांढरा असतो. त्या चिकाने कातडीवर फोड येतात, आणि लाकूड जाळल्यास धुराने डोळ्यांना इजा होते. काही बेटांवर या झाडांच्या खोडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो. मात्र पट्टा दिसला नाही म्हणून झाड निर्धोक समजू नये, आणि पावसात त्याच्याखाली आडोशालाही उभे राहू नये. झाडांची नीट ओळख नसेल, तर तेथील काटक्या न वेचता कोळसा बरोबर नेणे हेच शहाणपणाचे आहे.

मासा ताजा असला की झाले, हा समजही येथे अपुरा पडतो. बॅराकुडासारख्या प्रवाळाजवळच्या मोठ्या भक्षक माशांत सिग्वाटेरा नावाची विषबाधा करणारे विष साचलेले असू शकते. त्याने वास किंवा चव बदलत नाही आणि कितीही उकळले तरी ते नष्ट होत नाही. म्हणून लहान स्नॅपर घ्यावेत, आणि मोठ्या प्रवाळमाशांची डोकी व काळीज (यकृत) पातेल्यात घालू नयेत. शेवंडे (लॉब्स्टर) घालायचे असतील, तर जमैकात १ एप्रिल ते ३० जून या काळात त्यांच्या मासेमारीला बंदी असते, हे लक्षात ठेवावे.

समुद्राचे पाणी वापरण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर साराला ८ ते १० ग्रॅम मीठ पुरते. शिवाय किनाऱ्यालगतचे पाणी स्वच्छ असेलच असे नाही.

सार गढूळ होते आणि घासागणिक काटा लागतो, याचे कारण मासे व भाज्या एकदमच घालून रटरट उकळणे हे असते. आधी केवळ मासे मंद आचेवर सुमारे २० मिनिटे शिजवावेत, पाणी गाळून घ्यावे, काटे काढून मांस बाजूला ठेवावे, मग त्या पाण्यात यॅम व केळी शिजवून मांस अगदी शेवटी परत सोडावे. हा खटाटोप कंटाळवाणा वाटला, तरी तो टाळून चांगले सार होत नाही. केळी सोलताना हातांना तेल लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही, आणि सोललेली केळी लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवावीत, म्हणजे ती काळी पडत नाहीत.

स्कॉच बॉनेट मिरचीचा तिखटपणा स्कोव्हिल मापाने साधारण १ ते ३.५ लाख भरतो. ती चिरायची नसते; देठासह अखंड तरंगत ठेवायची असते, म्हणजे तिचा फळासारखा सुवास उतरतो आणि जाळ मात्र आत राहतो. शिजून मऊ झालेली साल डावाच्या एका धक्क्याने फाटते, म्हणून ढवळताना डाव पातेल्याच्या कडेने फिरवावा. मिरची फुटलीच, तर ती लगेच काढून गरम पाणी व बटाटे वाढवावेत. साखर घालून काही साधत नाही. फिश टीमध्ये नारळाचे दूध घालू नये, हे कोकणी हातांना जड जाईल, पण ते घातले की तिचा पातळ, झणझणीत स्वभाव हरवतो.

वाऱ्यामुळे सार एकाच बाजूने उकळत असेल, तर वाऱ्याच्या अंगाला दगडांचा आडोसा करावा आणि झाकण ठेवावे, म्हणजे वाळूही आत पडत नाही. शेवटी चूल वाळूने बुजवू नये, कारण खाली निखारे बराच वेळ धगधगत राहतात आणि वरून चालणाऱ्याचे अनवाणी पाय भाजतात. समुद्राचे पाणी भरपूर ओतून, ढवळून, पुन्हा ओतावे.