शेजारच्या कृष्णवर्णीय आजींना त्यांच्या शाळेबद्दल कसं विचारायचं

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत राहत असाल आणि शेजारी ऐंशीच्या पुढचे कृष्णवर्णीय आजी-आजोबा असतील तर गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या त्यांच्या शाळेच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवा, उशीर नका करू. परवानगी आधी घ्या. सुरुवात "किती त्रास झाला?" अशी अजिबात नको, शाळेचा रस्ता विचारा, किती चालायचात, गोऱ्या मुलांची बस बाजूनं जायची का, मग बाकीचं आपोआप येतं. पुस्तकांचं विचाराच, गोऱ्यांच्या शाळेत वापरून फाटलेली पुस्तकं यांच्याकडे यायची, आत आधीच्या मुलांची नावं तशीच. थोडं वाचून जा: १९१२ ते १९३२ मधे उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्डच्या देणगीत कृष्णवर्णीय लोकांनी स्वतःची वर्गणी घालून आणि काही सरकारी पैशातून उभ्या केलेल्या जवळपास ५,००० रोझेनवाल्ड शाळा, वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा ब्राउन निकाल, आणि व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी, जिथं गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र शिकायला नकोत म्हणून १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या! शिक्षकांचा विषय निघाला की मधे बोलू नका. बरेचसे त्याच वस्तीतले, रविवारी चर्चमधे आईला गाठून अभ्यासाचं सांगणारे, आणि शाळा एकत्र झाल्यावर त्यातल्या हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, मला तरी हे सगळ्यात जास्त लागतं. वर्गाचा जुना फोटो निघाला तर मागची बाजूपण मोबाइलवर काढा, नावं बऱ्याचदा तिथंच असतात.