बदामाची डहाळी आणि तीन अक्षरांची फसगत

बायबलातली संदेष्ट्यांची पुस्तकं हिब्रूतून वाचायला लागलात की कुणीतरी तुम्हाला यिर्मया 1:11-12 दाखवणारच. मलाही दाखवलं होतं. देव विचारतो, काय दिसतं? यिर्मया म्हणतो, बदामाची डहाळी, म्हणजे 'शाकेद'. देव म्हणतो, बरोबर पाहिलंस, माझं वचन पुरं करायला मी 'शोकेद' आहे, म्हणजे डोळ्यांत तेल घालून जागा आहे. मराठीत बदाम आणि जागं राहणं यांचा नाद कुठेच जुळत नाही, त्यामुळे इतकी वर्षं मला ही डहाळी तिथे उगाच आल्यासारखी वाटायची. हिब्रूत ते दोन शब्द शेजारी पाहिले त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि तिथेच मी फसलो. दोन्ही शब्दांत शिन, कोफ, दालेत हीच अक्षरं. त्यावरून मी ठरवून टाकलं की बदाम म्हणजे कायम 'जागा देव'. मोशेचा भाऊ अहरोन याच्या काठीला आलेले बदाम, निवासमंडपातल्या दीपवृक्षावरच्या बदामफुलांच्या वाट्या, सगळीकडे तोच अर्थ कोंबून वीस पानी निबंध लिहिला. तो परत आला तेव्हा समासात एकच ओळ होती: 'लेहेम आणि मिल्हामा?' लेहेम म्हणजे भाकर, बेथलेहेममधली. मिल्हामा म्हणजे युद्ध. दोन्हींत लामेद, हेत, मेम. मग काय, युद्ध म्हणजे भाकरीचं भांडण? मराठीत सोमवारचा वार आणि तलवारीचा वार यांची आपण गाठ मारत नाही. परक्या भाषेत मात्र बिनदिक्कत मारतो, कारण कोशात ते शब्द एकाखाली एक छापलेले असतात.

यिर्मयाच्या वचनात श्लेष आहे, कारण तिथे तो मुद्दाम केलेला आहे. दुसऱ्या जागी तो आपोआप येत नाही.

स्ट्रॉंगचे क्रमांक, म्हणजे बायबलातल्या प्रत्येक मूळ शब्दाला स्ट्रॉंगच्या सूचीत दिलेले आकडे, बघून अर्थ उचलणं बंद करा, हे मी कळकळीने सांगतो. क्रमांक शब्दापर्यंत नेतो, वाक्यापर्यंत नाही. तयार अर्थांच्या याद्या वाटणाऱ्या गुरूंपासूनही जरा लांबच राहा. मला खरं शिकवलं ते वचन मोठ्याने वाचायला लावणाऱ्या एका म्हाताऱ्या पाळकांनी. त्यांनी 'शाकाद' (जागं राहणं, 'शोकेद' याचंच रूप) हे क्रियापद जिथे जिथे येतं ती वचनं वहीत उतरवायला लावली. स्तोत्र 127:1 मध्ये पहारेकरी व्यर्थ जागतो. यिर्मया 5:6 मध्ये बिबट्या नगरांवर टपून बसतो. 31:28 मध्ये देव आधी उपटायला जागा होता, आता बांधायला आणि लावायला जागा राहणार आहे. 44:27 मध्ये तर तो वाईटासाठी जागा आहे. म्हणजे या शब्दात दिलासा भरलेला नाही. तो कुणासाठी आणि कशासाठी जागा आहे, हे वाक्यच सांगतं.

घाबरू नका. तीन महिने रोज एक वचन केलंत तरी कान तयार होतो. श्लेष, यमक आपल्याला परके नाहीत.

पुढचा सराव म्हणून आमोस 8:1-2 घ्या. टोपलीतली उन्हाळी फळं 'कायित्स', आणि इस्राएलाचा शेवट 'केत्स'. हे दोन शब्द वेगळ्या धातूंचे आहेत, इथे खेळ फक्त आवाजाचा आहे. इस्राएलातल्या गेझेर या प्राचीन नगराच्या जागी 1908 मध्ये सापडलेल्या चुनखडीच्या पाटीवर उन्हाळी फळांचा महिना कोफ आणि त्सादे या दोनच अक्षरांत कोरलाय, मधला योद नाही. 'केत्स'ही याच दोन अक्षरांत लिहितात.